आत्ता न्हाई

भाकरी टाकण्याआधी बाया तव्यावर हात धरून ताप बघतात ना, तसा ती हात धरायची. फक्त समोर तवा नसायचा. विजेचा खांब असायचा, नाहीतर खाली लोंबणारी तार, आणि तिचा हात तारेपासून चांगला चार-पाच फुटांवर. हात उलटा, बोटं सैल, तोंड दुसरीकडे फिरवलेलं. क्षणभर थांबून ती म्हणायची, "हाय." किंवा म्हणायची, "आत्ता न्हाई."

तिचं नाव मी लिहिणार नाही. माझी जीभ एकदा सैल सुटली होती, त्याचं काय झालं ते पुढे येईलच. तेवढं एकदा पुरे झालं.

मी वायरमन. गाव आंबवड्याच्या बाजूचं, पण नोकरीची बरीच वर्षं वेल्ह्याच्या डोंगरात गेली. आमचं घर बौद्ध. अंगात येणं, कौल, उतारा हे सगळं आमच्या आजोबांनी एकदाच गुंडाळून ओढ्यात सोडलं होतं, ते परत कुणी घरात आणलं नाही. तेव्हा कुणी चमत्काराची गोष्ट सांगायला लागलं की माझ्या कपाळाला आपोआप आठी पडते. तुमच्याही पडत असेल तर आपलं जमेल.

तिची वस्ती पासलीच्या वरच्या अंगाला. पंधरा-सोळा घरं, शेरडं, गुरं, उतारावर थोडी भातखाचरं. वस्तीला वीज खालच्या डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीवरून यायची आणि तीच लाईन पुढे खिंड ओलांडून पुण्याच्या एका माणसाच्या फार्महाऊसला जायची. एकदा वाऱ्याने वस्तीच्या वाटेवर तार तुटून पडली. मी खाली डीपीचे फ्यूज काढून खिशात टाकले आणि धापा टाकत वर गेलो. बघतो तर वाटेत एक पोरगी काठी आडवी धरून उभी, मागे तिची सगळी शेरडं खोळंबलेली. शाळेच्या गणवेशावर आईचा जुना स्वेटर, वय चौदा असेल. मी ऐटीत म्हणालो, बाजूला हो, फ्यूज काढून आलोय, तार मेलेली आहे.

"हाय," ती म्हणाली. "काका, लई हाय."

मी हसलो आणि तार उचलायला वाकलो, तर तिने काठी माझ्या मनगटावर हाणली. चांगली सणसणीत. मला राग आला. हिला धडा शिकवावा म्हणून टेस्टर काढून तारेला लावला आणि टेस्टर पेटला. खाली दोन डीपी शेजारी-शेजारी आहेत. घाईत मी दुसरीचे फ्यूज काढून आलो होतो. मी तिथेच मटकन खाली बसलो. ती शेरडांना चुचकारत उभी राहिली, जणू काही झालंच नाही.

पुढे ओळख वाढल्यावर तिने सांगितलं की हे तिला लहानपणापासूनच कळायचं. तार जिवंत असली की दाढांत मुंग्या येतात आणि उलट्या हाताला गरम लागतं. सगळ्यांनाच असं होत असणार, असं तिला वाटायचं. चुलीजवळ गेलं की सगळ्यांना ऊब लागते, तसंच हे. सहावीत शाळेच्या पाण्याच्या मोटारीजवळ ती मैत्रिणीला म्हणाली, "तुजी दाढ शिवशिवती का गं?" मैत्रीण वर्गभर हसत सुटली. त्या दिवशी तिला कळलं की हे आपलं एकटीचंच आहे. घरी येऊन ती आईजवळही बोलली नाही. तीन वर्षं ते पोटात ठेवून पोरगी शेरडं राखत होती, आणि मग मी भेटलो.

माझी फटफटी खालच्या वळणावर आली की ती शेरडं आईवर सोपवून खांबाशी हजर व्हायची. मी काम करायचो, ती बघायची. फ्यूजला तार कशी गुंडाळायची, मीटर कसं वाचायचं, फेज कुठली आणि न्यूट्रल कुठली, सगळं विचारायची. मोठी होऊन वायरमन व्हायचं म्हणायची. मी चिडवायचो, वायरमन नाही, वायरवूमन. ती म्हणायची, काय पन म्हना, खांबावर चढू द्या म्हंजी झालं. दहावीनंतर भोरला आयटीआयला जायचं तिचं पक्कं ठरलं होतं. वडील नव्हते, पण आई शहाणी बाई. तिचा होकार होता.

आता माझा गुन्हा सांगतो. खांबावर काम सुरू करण्याआधी सगळ्या तारांवर साखळी टाकून तिचं टोक जमिनीत रोवायचं असतं. मग चुकून कुठून वीज आलीच, तर ती साखळीतून जमिनीत जाते, माणसातून जात नाही. साखळी असते जड. डोंगर चढताना तिच्यापायी जीव नकोसा होतो. ती पोरगी "आत्ता न्हाई" म्हणाली की खरंच नसायची. दहा वेळा, वीस वेळा पडताळा घेतला. मग मी साखळी गाडीलाच ठेवून वर जायला लागलो. आमच्या आजोबांनी देवऋषी हाकलले आणि नातू एका पोरीच्या हातावर विसंबून खांबावर चढायला लागला. हसू नका. आळस माणसाला कशावरही विश्वास ठेवायला लावतो.

दुसरा गुन्हा जिभेचा. वेल्ह्यात चहाच्या टपरीवर गप्पा रंगल्या होत्या, त्या भरात मी तिची गोष्ट सांगून टाकली. वर तिखटमीठही लावलं. आठवड्याभरात ती डोंगरभर पसरली, आणि पसरताना वीज गळून पडली. पोरीला 'जीव हाय का न्हाई' ते कळतं, एवढंच लोकांच्या हाती राहिलं.

आधी कुणाची तरी बसकण मारलेली गाय आली. तिने हात धरला आणि म्हणाली, "हाय अजून." गाय उठली. ती उठणारच होती, पण आता कोण ऐकतं? मग माणसं यायला लागली. तिने परोपरीने सांगितलं की मला तारेतलं कळतं, माणसातलं काही कळत नाही. लोक म्हणायचे, बघ तर खरं, बघायला काय जातंय.

एकदा पलीकडच्या वाडीतला एक जण छातीत दुखतंय म्हणून म्हाताऱ्या बापाला भोरला दवाखान्यात नेत होता. वाटेत जीप थांबवून त्याने तिला बोलावलं. तिने नाइलाजाने हात धरला. म्हणाली, "मला आत्ता काय न्हाई लागत. दवाखान्यात न्या." मुलाने त्यातलं 'काय न्हाई' तेवढं ऐकलं. काही नाही म्हणाली, म्हणून जीप परत फिरवली. दुसऱ्या दिवशी म्हातारा गेला.

आता गंमत बघा, म्हणजे गंमत कसली, माझ्या अंगावर अजून काटा येतो. पोरीला कुणी दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. लोक म्हणाले, पोरीनं आधीच सांगितलं होतं, 'न्हाई' म्हणून. जीव राहिला नाही असंच तिला म्हणायचं होतं, आपल्यालाच उमगलं नाही. म्हातारा जगला असता तरी ती खरी ठरली असती, मेला तरी खरी ठरली. असल्या सापळ्यातून माणूस सुटणार कसा?

ती तीन दिवस जेवली नाही. मी गेलो तेव्हा गोठ्याच्या भिंतीला टेकून बसली होती.

"काका, म्या 'आत्ता' म्हनलं व्हतं," ती म्हणाली. "दवाखान्यात न्या म्हनलं व्हतं. ते कुनी ऐकलंच न्हाई."

मला तिच्याकडे बघवेना.

तिचा चुलता वस्तीतला कारभारी माणूस. वाईट नव्हता. त्याच्या लेखी घरात देवी चालत आली होती आणि तिला पाठवून देणं हे पाप होतं. त्याने ठरवलं की येत्या अमावास्येला तिला देवळात पाटावर बसवायचं. त्यांच्या वस्तीची रीत अशी, की एकदा पाटावर बसलेल्या माणसाने शीव ओलांडायची नाही. म्हणजे आयटीआय नाही, नोकरी नाही, लग्न नाही. जन्मभर त्या पंधरा-सोळा घरांत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यावर हात धरायचा, आणि कोण जगेल, कोण मरेल ते सांगायचं. पोरगी दहावी पास झाली होती. मी आणून दिलेला फॉर्म भरून तयार होता. अमावास्येला आठ दिवस होते.

त्याच आठवड्यात आंब्याची फांदी पडून वस्तीवरची तार पुन्हा तुटली. मी फ्यूज काढले, या वेळी दोनदा बघून काढले, आणि वर गेलो. ती आली. खांबाशी हात धरला आणि म्हणाली, "आत्ता न्हाई." मी चढायला लागलो, तर तिने खालून विचारलं, "काका, साखळी?"

मी म्हणालो, "तू आहेस की."

हे वाक्य मला मरेपर्यंत पुरणार आहे. चुलत्याला नावं ठेवणारा मी. तिला पाटावर मीच आधी बसवलं होतं.

वर जाऊन मी पक्कड तारेला लावली. कमरेचा पट्टा बांधायचाही कंटाळा केला होता. खाली ती खांबाला टेकून बसली होती. ऊन होतं, वारा खिंडीकडे वाहत होता, कुठे पान हललं तरी ऐकू यावं अशी शांतता होती. एकाएकी ती उठून उभी राहिली.

"काका, आलं."

मी विचारलं, काय आलं, कुठं आलं?

"तिकडं. खिंडीपल्याड. उतरा."

मी वरून खिसा थोपटला. फ्यूज खिशात आहेत बाई, वीज येईल कुठून? तिने खिंडीकडे हात धरला होता आणि तिचे दात वाजत होते. दोन वर्षं मला अहो-जाहो करणारी पोरगी. ती जीव खाऊन ओरडली, "उडी मार!"

त्या 'मार'ने मी हात सोडले. वीज असेल असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं. पण त्या पोरीने मला एकेरीत हाक मारली, यानेच मी हादरलो. वीस फुटांवरून खाली आदळलो आणि टाच फुटल्याचा आवाज मला स्वतःला ऐकू आला. मान वर करून बघतो, तर दोन तारांच्या मध्ये अडकून राहिलेली पक्कड फाडकन पेटली. तिच्या मुठीचा एक तुकडा जळत येऊन माझ्या छातीजवळ गवतात पडला.

झालं होतं ते असं. फार्महाऊसवर पाहुणे होते. लाईट गेली म्हणून तिथल्या रखवालदाराने जनरेटर सुरू केला आणि मेन स्विच खाली न पाडताच त्याची वायर घरातल्या प्लगात खुपसली. वीज उलटी तारांत शिरली. जनरेटर सुरू करणं आणि वायर खुपसणं, यांच्यात जी काही पळं गेली, तेवढ्यात मी वाचलो.

भोरच्या दवाखान्यात माझ्या पायाला प्लास्टर घातलं. दुसऱ्या दिवशी तिची आई आली, एकटी, एसटीने. खाटेच्या कडेला उभीच राहिली. वस्तीत आता कुणाच्या मनात शंका उरलेली नाही, असं तिने सांगितलं. पोरीने वायरमनला मरणातून ओढून काढलं, आता अमावास्येची वाटही बघायची नाही असं चुलता म्हणतोय. दोन दिवसांनी देवळापुढे बैठक आहे.

"भाऊ, तुमच्या तोंडातनं हे सुरू झालंया," ती म्हणाली. "तुमच्याच तोंडातनं बंद व्हाया पायजे."

बैठकीच्या दिवशी मला जीपमधून वर नेलं आणि देवळाच्या ओट्यावर बसवलं, प्लास्टरचा पाय पुढे. सगळी वस्ती जमली होती. पोरगी आईच्या मागे, खाली मान घालून. खरं बोललो तर ती जन्माची अडकणार होती. खोटं बोललो आणि पकडला गेलो, तरी अडकणारच होती.

मी आधी माझी चूक कबूल केली. साखळी टाकली नाही, पट्टा बांधला नाही. ही गोष्ट खात्यात कळली तर मला काय भोगावं लागेल ते त्यांनाही माहीत होतं. मग म्हणालो, पोरीने जनरेटरचा आवाज ऐकला. फटफट आवाज आला, ती हुशार आहे, तिने ओळखलं आणि मला उतरवलं. यात देवाचं काही नाही. कान असलेल्या कुणालाही जमलं असतं.

चुलता ओट्याजवळ आला. "आवाज तुमी ऐकला का?"

"ऐकला."

"मग तुमी का न्हाई उतरला?"

आई डोळे मिटून उभी होती. काहीतरी बोलायला हवं होतं.

"मला वाटलं ट्रॅक्टर हाय," मी म्हणालो.

मग मागून एक म्हातारा खुसकन हसला. त्या चढावर ट्रॅक्टर कुठून येणार? मग दुसरा हसला, बाया पदर तोंडाला लावून हसल्या, शेवटी चुलताही मान हलवत हसला. वीस वर्षं विजेचं काम करणाऱ्याला जनरेटर आणि ट्रॅक्टर यांतला फरक कळत नाही! त्या दिवसापासून त्या डोंगरात माझं नाव 'भैरा वायरमन' पडलं, ते आजतागायत आहे. पाटाचा विषय त्या हसण्यात वाहून गेला.

ती मात्र हसली नाही. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग हात पदराखाली घ्यावा तसा ओढणीखाली घेतला.

ती भोरला गेली, मावशीकडे राहून आयटीआय शिकली. साखळीची बातमी खात्यात पोचली, मला मेमो मिळाला आणि माझी बदली किकवीला झाली. त्याचं मला दुःख नाही, ते माझंच होतं. दोन वर्षांनी ती मला भोरच्या एसटी स्टँडवर भेटली. उंच झाली होती. पिशवीत पक्कड, टेस्टर, हातमोजे. मी खुशाली विचारली, आणि न राहवून विचारलं, अजून कळतं का?

तिने पिशवी खांद्यावर चढवली.

"काका, तुमी माझ्यासाठी खोटं बोलला, त्ये म्या जानते," ती म्हणाली. "पन ज्यानं बघितलं, आसं मानूस तुमी एकटंच व्हता. आता म्या खरं सांगाया कुनाकडं जाऊ?"

तिची गाडी लागली होती, ती जाऊन बसली. मी गाडीच्या या बाजूला उभा होतो आणि तिने जागा त्या बाजूची धरली होती.

पुढे ती गुजरातेत कुठल्याशा कंपनीत नोकरीला लागल्याचं कळलं. माझ्याकडचा तिचा नंबर बंद झाला. आणि एक विचित्र गोष्ट झाली. ते खोटं मी इतक्या वेळा सांगितलं होतं, खात्यात, घरात, टिंगल करणाऱ्यांपुढे, की ते मलाच खरं वाटायला लागलं. कुणी सांगावं, आवाज आलाही असेल. मी वर होतो, लक्ष कामात होतं. साधी हुशार पोरगी, कान तिखट, बाकी सगळं माझ्याच डोक्यातलं. असं मानलं की झोप बरी लागायची.

गेल्या हिवाळ्यात निवृत्त झालो आणि एके दिवशी सकाळी गाडी काढून वर गेलो. त्या खांबाखाली उभा राहिलो. फार्महाऊसच्या रखवालदाराला फोन लावला आणि म्हणालो, बाबा, जरा जनरेटर सुरू कर, मला काहीतरी बघायचंय. आणि कान देऊन उभा राहिलो. वारा, एक पाखरू, लांब कुठेतरी शेरडाची घंटा. मी म्हणालो, अरे सुरू कर की. तो म्हणाला, "मघाशीच चालू केलाय सायेब, पाच मिन्टं झाली."

वारा उलटा असेल म्हणून जागा बदलली, खिंडीच्या बाजूला पन्नास पावलं गेलो, परत आलो. काहीच नाही. तिथून आवाज येत नाही.

मग तिच्या आईकडे गेलो. ती अंगणात नाचणी पाखडत होती. मी उभ्या-उभ्याच सांगून टाकलं, की वहिनी, त्या दिवशी मी बैठकीत खोटं बोललो. आवाज मी ऐकला नव्हता आणि तिनेही ऐकला नव्हता. तिथे आवाज येतच नाही.

तिने सूप खाली ठेवलं. "ते आमाला ठावं हाय," ती म्हणाली. "आमचं रोजचं गुरं चारायचं रान हाय ते. तितं खिंडीपल्याडचं काय आयकू येत न्हाई, हे पोराटोरांना बी ठावं हाय."

मी विचारलं, चुलत्याला पण?

"त्यास्नी तर सगळ्यांच्या आधी. पन तुमी पाय मोडून आला, सोताची चूक सांगितली. आनि पोरगी किती रडत व्हती ते समद्यांनी बघितलं व्हतं."

मी पायरीवर बसलो. म्हणजे ती सगळी माणसं त्या दिवशी सगळं समजून हसली होती. आणि ते हसणं खरं मानून ती पोरगी तिकडे परमुलखात, आपल्यावर विश्वास ठेवणारं कुणी नाही असं धरून बसली आहे. माझा आवाज चढला. मी म्हणालो, मग हे तिला कुणी सांगितलं का नाही?

आईने सूप पुन्हा हातात घेतलं. "सांगितलं आसतं, तर ती हितंच राहिली आसती, भाऊ."

नाचणीचा कोंडा उडत होता. तिने चहा ठेवते म्हणून सांगितलं, आणि मी हो म्हणालो.